कृषिकन्येला परत आणायला

गटाच्या बैठकीत मला बोलता येत नाही. चार बायका एकदम माझ्याकडे बघायला लागल्या की घसा कोरडा पडतो. नांदेड आणि लातूरला जाऊन आल्यावरही बैठकीत सगळं अक्कांनीच सांगितलं. अक्का सांगतात तेव्हा त्यात रस्ता थोडा आणि अक्का फार असतात. ज्या बायकांना यायला जमलं नाही त्यांच्याशी मी बोलले असते तर काय सांगितलं असतं, ते माझं मी इथं लिहून ठेवते. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण लिहिताना कोणी तोंडाकडे बघत नसतं.

आधी का गेलो ते सांगते. आमचं गाव लोह्यापासून आत आहे. आमचा बायकांचा गट हरभऱ्याचं बियाणं तयार करतो. आपापल्या रानातला चांगला हरभरा आणायचा, शेडमध्ये चाळायचा, निवडायचा, पिशव्या भरायच्या आणि आसपासच्या गावांत विकायचा. मागच्या रब्बीत आमचं बियाणं उगवलं, पण हातभर व्हायच्या आत झाडं माना टाकून वाळली. मर लागली. लोक पिशव्या घेऊन शेडवर आले. "बायकांचं बियाणं, पोळ्यांसारखं करपलं," असंही एकजण बोलला. कृषी सहायक साहेब चांगले आहेत, पण त्यांच्याकडे गावं पुष्कळ. ते म्हणाले, "मी महिन्यातून एकदा येणार. तुम्हाला शेतकीचं शिकलेलं आणि गावातच राहणारं माणूस पाहिजे." गटाने ठरवलं की असं माणूस पगारावर ठेवायचं. यंदाच्या हरभऱ्याच्या पेरणीपर्यंत मिळालं नाही तर काम बंद करायचं आणि शेड परत द्यायचं.

मला ते काम बंद होऊ द्यायचं नव्हतं. शेडमध्ये चाळणी हलवताना मी हसते, घरी तेवढी हसत नाही. याच्याहून जास्त कारण मला सांगता येणार नाही.

म्हणून महालक्ष्म्या उठल्यावर अक्का आणि मी निघालो. अक्का म्हणजे आमच्या गटाच्या अध्यक्ष, शिवकांताअक्का. माहेर उदगीरचं, घरात किराणा दुकान, कपाळाला विभूती. बोलायला लागल्या की मधूनमधून कानडी येतं.

विष्णुपुरी

पहिल्यांदा एका मुलाला भेटायचं होतं. त्याचं नाव गजानन. दोन वर्षांपूर्वी शेतकी कॉलेजची मुलं-मुली शेवटच्या वर्षाला आमच्या गावात राहायला आली होती. मुलांना कृषिदूत म्हणतात, मुलींना कृषिकन्या. गजानन त्यांच्यातला. मला खरं तर प्रणिता हवी होती. ती आमच्याच घरी राहिली होती. मारुतीच्या पारासमोर तिने रांगोळीने सगळ्या गावाचा नकाशा काढला होता, नाल्यासकट, हापशासकट. पण तिचा फोन लागत नव्हता, आणि अक्का म्हणाल्या, "पोरगं बरं पडंल. मोटरसायकलवर चार रानं फिरंल."

बसमध्ये आम्हाला अर्धं तिकीट. अक्कांनी कंडक्टरला विचारलं, "अर्ध्या तिकिटात बसायचं बी अर्धंच का?" कारण आमच्या सीटवर तिसरी बाई कोंबडी घेऊन बसली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडत होतं. विष्णुपुरीच्या आधी गोदावरीचं अडवलेलं पाणी दिसलं. एवढं पाणी बघून मला पहिल्यांदा आनंद झाला आणि मग राग आला. आमच्या हापशाला उन्हाळ्यात अर्धा तास दांडा मारावा लागतो.

गजानन चहाच्या टपरीवर वाट बघत उभा होता. इस्त्रीचा शर्ट, पाठीला कंपनीची बॅग. तो आता एका बियाण्याच्या कंपनीत आहे. पाया पडला. अक्कांनी चहा यायच्या आत विचारून टाकलं.

तो हसला. "अक्का, मी रोज खेड्यातच असतो की. सकाळी निघतो, दहा गावं करतो."

"मग अकरावं आमचं कर. तिथंच ऱ्हा."

"राहायचं न्हाई जमणार."

"कामून? आमच्याकडं वाघ हायत का?"

तो कपाकडे बघत बोलला, "लग्नाचं बघून राहिलेत घरचे. पोरीकडचे आले की पहिला सवाल, नवरदेव राहतो कुठं? नांदेडला म्हणलं की पुढचं बोलतेत. गावात म्हणलं की चहा तसाच ठेवून उठतेत."

"आन पोरीचे बाप कुठं ऱ्हातेत?"

"गावातच, अक्का." तो स्वतःच हसायला लागला. "एक सांगू का? आमच्या बॅचमधल्या कोणालाबी विचारा. गावात काम करायला सगळे तयार हायत. मुक्कामाला कोणी न्हाई."

मला त्याचा राग आला नाही. माझ्या भावाच्या मुलाचंही असंच अडलं आहे.

मी पदर सावरून हळूच विचारलं, "प्रणिता कुठं असती?"

"लातूरला. अभ्यासिकेत बसती, परीक्षेचा अभ्यास करून राहिली. म्हणून फोन बंद ठेवती." त्याने अभ्यासिकेचा पत्ता नीट समजावून सांगितला आणि चहाचे पैसे अक्कांना देऊ दिले नाहीत.

नांदेडला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. अक्कांना गुरुद्वारा बघायचा होता. दर्शन झालं आणि आम्ही लंगरला बसलो. मी पोळी घ्यायला ताट पुढे केलं, तर वाढणारे पांढऱ्या दाढीचे बाबा थांबून राहिले. शेजारची बाई म्हणाली, "दोन्ही हात पसरा." तिथं रोटी ताटात घेत नाहीत, ओंजळीत घेतात. मी ओंजळ केली. गरम रोटी हातात पडली तेव्हा वाटलं, मी बसले आहे आणि कुणी गरम वाढलं आहे, असं कित्येक वर्षांत झालंच नव्हतं. अक्कांनी दाल तीनदा मागून घेतली. मुक्काम अक्कांच्या भाचीकडे केला.

लातूर

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने लातूरला निघालो. आमचंच लोहा ओलांडून पुढे जायचं होतं. स्टँडवर बस थांबली तेव्हा क्षणभर वाटलं, उतरावं आणि घरी जावं. अक्का झोपल्या होत्या. मी बसून राहिले. पुढे माळाकोळीनंतर डोंगर लागतो. हिरवा होता, गुरं वर चढलेली दिसत होती. अहमदपूरला बस रिकामी झाली आणि मग लातूरपर्यंत पोरापोरींनीच भरली. सगळ्यांच्या पाठीवर दप्तरं. एवढी मोठी मुलं अजून शिकतच आहेत, याचं अक्कांना नवल वाटलं.

लातूर म्हणजे शिकवण्यांचं गाव. भिंतीभिंतीवर पास झालेल्या पोरांचे फोटो. आमच्याकडे असे फोटो वाढदिवसाच्या पुढाऱ्यांचे लागतात. अभ्यासिका दुसऱ्या मजल्यावर होती. आत लाकडाच्या फळ्यांचे खण, प्रत्येक खणात एक डोकं. दारावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, शांतता राखा. मी ते वाचून थांबले. अक्का थांबल्या नाहीत.

"प्रणिता हाय का गं इथं?"

सगळी डोकी एकदम वर झाली. एक मुलगा धावत आला आणि तोंडावर बोट ठेवून आम्हाला जिन्याकडे घेऊन चालला. अक्का त्याला म्हणाल्या, "बाबा, कोणी आजारी हाय का आत?" खणाखणांतून हसू फुटलं. प्रणिता आज उशिरा येणार होती. आम्ही खाली चहाच्या गाड्यापाशी बसलो, आणि थोड्या वेळाने तीच पोरं चहाला उतरली.

अक्कांना गर्दी दिसली की सभा सुरू. "तुमच्यात शेतकी शिकलेले कोण कोण?"

बरेच हात वर झाले.

"गावात काम करायला कोण तयार हाय?"

तेवढेच हात वर झाले. एकाने तर दोन्ही केले.

"आमच्या गावात राहायला?"

हात खाली आले आणि चहाच्या कपाला लागले. एक उंच मुलगा म्हणाला, "मावशी, नेटवर्क हाय का तुमच्याकडं?"

"हाय की. टाकीवर चढलं की मस्त येतंय."

पुन्हा हसणं. दुसरा म्हणाला, "मावशी, आम्ही अधिकारी होऊन येतो की तुमच्या गावाला."

"ये बाबा. पर जीपमधून खाली उतरशील का?"

तो कप खाली ठेवून खरं बोलला, "मावशी, माझ्या बापानं मला शेतातून काढायला शेतकी शिकवली. आता पुन्हा शेतातच गेलो तर तो काय म्हणंल?" यावर अक्काही हसल्या नाहीत.

तेवढ्यात प्रणिता आली. वाळली होती, डोळ्यांना चष्मा लागला होता. मला बघून ती रस्त्यातच थांबली. "काकू! तुम्ही? लातूरला?" तिने माझा हात धरला आणि आम्हाला जवळच्या गाड्यावर निलंगा राइस खायला नेलं. पिवळा भात, वर शेंगदाण्याची चटणी. अक्कांनी पिशवी उघडून दशम्या, ठेचा, कडक लाडू असं सगळं तिच्यासमोर मांडलं आणि येण्याचं कारण सांगितलं. मर कशी लागली, पिशव्या कशा परत आल्या, यंदा माणूस नाही मिळालं तर काम कसं बंद होणार, सगळं.

प्रणिताने लाडवाला हात लावला नाही.

"अक्का, तुम्ही मला लई जीव लावला," ती म्हणाली. "रोज येका घरी जेवण. निघताना ओटी भरली, बांगड्या भरल्या. माहेरवाशिणीवानी ठेवलं. पर माहेरवाशिणीचं रानातलं कोणी ऐकतंय का?"

"आसं कामून बोलतीस गं?"

"बीजप्रक्रिया मी तुमच्याच अंगणात दाखवली ना? पावडर गुळाच्या पाण्यात कालवून बियाला चोळली, सावलीत वाळवली. मर लागू नये म्हणूनच ते असतंय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढला. ते बियाणं पेरलं कुठं?"

"रानात की. घरात थोडंच पेरतेत."

"रानात कुठं?"

अक्का मांडलेले लाडू पुन्हा नीट रचायला लागल्या. 

"बांधाला," प्रणिता म्हणाली. "बोरीच्या झाडाखाली, शेळ्यांच्या वाटंवर. निघायच्या आधी मी जाऊन बघितलं. चार झाडं राहिली हुती."

"यव्वा," अक्का म्हणाल्या, "ते आमचंच रान. नवं म्हणलं की बांधालाच टाकतेत गं. गेलं तर गेलं. आमच्या सासऱ्यानं पयलं सोयाबीन बी बांधालाच टाकलं हुतं."

"मग ते मधल्या रानात कधी आलं?"

"शेजाऱ्याचं पिकलं तवा."

"मी बी शेजाऱ्याचं पिकायची वाट बघत बसू का, अक्का?"

गाड्यावाला भात परतत होता, त्याचा सराटा तव्यावर वाजत होता. प्रणिता हळू आवाजात बोलली, पण एकेक शब्द ऐकू आला. "मला गावाचं भ्या न्हाई. मी उमरीकडची, घरी गेले की शेण मीच काढते. पर इथं नापास झाले तर माझ्या चुकीनं होईन. तिथं न पेरताच नापास केलं मला."

तिचं खरं होतं. आमच्याकडे नव्या वाणाला, नव्या खताला, नव्या माणसालाही आधी बांधच दाखवतात. चांगली काळी जमीन जुन्यासाठी राखून ठेवायची. हे इतकं अंगवळणी पडलं आहे की त्यात कुणाचा अपमान होत असेल हे कधी डोक्यात आलं नव्हतं. आणि आता आम्ही दोघी कडक लाडू घेऊन तिला पुन्हा न्यायला आलो होतो. अक्का काही बोलत नव्हत्या. कुणीतरी बोलायला हवं होतं आणि तिथं माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

"आमचं विहिरीजवळचं रान देते," मी म्हणाले.

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. घसा कोरडा पडला तरी मी पुढे बोलले. "सगळं. बांधापासून बांधापर्यंत. तू म्हणशील तसं करायचं."

प्रणिताला ते रान माहीत होतं. दर रब्बीला तिथं आमच्या घरचा वर्षाचा गहू होतो. गावात यायचा रस्ता त्याला लागूनच आहे, येणारा-जाणारा बघूनच पुढे जातो.

"काकांना विचारलं का?"

"न्हाई. घरी जाऊन सांगते."

"ऐकतील?"

"बोलतील. बोलू दे."

तिने एक दशमी उचलली, ठेचा लावला आणि खायला लागली. "पेरणीच्या तोंडाला मी येते. आधी रान बघते. तयार दिसलं तर राहायचं बघू. पुन्हा बांध दिसला तर त्याच पावली परत."

"तुझ्या बापाला मी जाऊन सांगू का?" अक्कांना आवाज परत आला.

"नका, अक्का. तुम्ही गेल्यावर बापूला बोलायला जागा राहणार न्हाई."

परतीच्या बसमध्ये अक्का अहमदपूरपर्यंत खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "सुमन, तू बोललीस की गं."

मी म्हणाले, "बोलणं सोपं हाय. आता घरी जायचं हाय."

घरी

जेवताना ह्यांना सांगितलं. आमच्या घरच्यांनी घास तोंडात न घालता ताटात ठेवला.

"मग गहू कुठं?"

"वरच्या पट्टीत."

"तिथं पाणी चढत न्हाई."

"पाइप ओढू. मी ओढते."

"आन ती पोरगी आलीच न्हाई तर?"

याचा विचार मी बसमध्ये करून ठेवला होता. "न्हाई आली तरी हरभराच. तिनं दाखवला तसा. पावडर, गुळाचं पाणी, सावली. मला ध्यानात हाय."

"सगळ्या गावाच्या डोळ्यासमोर हाय ते रान. मर लागली तर तोंड दाखवायला जागा न्हाई."

"बांधाला लावून तरी कुठं जागा राहिली? यंदा शेडच हातचं चाललंय."

ते उठून गेले. हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही त्यावर बोललो नाही. मी त्यांना रोज भाकरी वाढली आणि रोज मनात ठरवलं की मागे हटायचं नाही. सोयाबीन निघाल्यावर एक दिवस मी रानात गेले, तर ट्रॅक्टर विहिरीजवळ चालू होता. हे बांधावर उभे होते. रस्त्याने जाणारा त्यांचा चुलतभाऊ ओरडला, "काय दादा, रान बचत गटाला दिलं म्हणं?"

"दिलं. तुझं बी द्यायचं का?"

तो सायकल दामटत गेला. मी काहीच ऐकलं नाही असं दाखवून बांधावरचं गवत काढत राहिले.

बैठकीत अक्कांनी आपल्या बोरीच्या झाडाची गोष्ट स्वतःच सांगितली आणि आपलं मधलं रान दिलं. त्यांच्या मागून आणखी दोघींनी दिलं. बाकीच्या म्हणाल्या, पोरगी आली तर बघू. अर्ध्या बायकांना ती येईल असं वाटत नव्हतं. मलाही रोज वाटत नव्हतं.

ती आली. दुपारच्या बसने, पाठीला एक बॅग आणि हातात एक. मी चहाचं आधण ठेवून रस्त्यावर गेले होते. "चहा नंतर, काकू," ती म्हणाली आणि बॅगांसकट सरळ विहिरीकडे चालायला लागली. बॅगा तिने धावेवर, मोटेच्या जुन्या उतारावर ठेवल्या. चपला काढल्या, रानाच्या मधोमध गेली, खाली बसून ढेकूळ उचललं आणि बोटांनी फोडलं. मग उठून एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत चालत गेली. आमचे घरचे बैल घेऊन कडेला उभे होते; कासरा सोडला नाही, पण बघत होते. मी धावेपाशी उभी राहिले. तिच्या चालण्यावरून काही कळत नव्हतं.

परत आली तेव्हा पाय घोट्यापर्यंत काळे झाले होते. बॅग उचलत तिने विचारलं, "काकू, त्या मागच्या खोलीची कडी आतून लागती का?"

आम्ही घरी आलो. खोली मी सारवून ठेवली होती, कडीचं काही बघितलं नव्हतं. दार ओढून बघितलं. कडी होती, पण कोयंड्यात बसत नव्हती. मी आत जाऊन हातोडी आणली.